सगळ्यात जास्त विकले गेलेले गेमिंग कन्सोल: आकडे कसे वाचायचे आणि तुलना कशी करायची

सगळ्यात जास्त विकला गेलेला कन्सोल कोणता हे शोधायला गेलात तर दोन मिनिटात लिस्ट मिळते, पण तीन वेगवेगळ्या लिस्ट शेजारी शेजारी उघडल्या की गोंधळ सुरू होतो, कारण एकीकडे पीएस२ चा (सोनीचा प्लेस्टेशन २) आकडा १५.५ कोटी असतो, दुसरीकडे १६ कोटी, कुठे गेमबॉय आणि गेमबॉय कलर एकत्र धरलेले, कुठे वेगळे, कुठे हातात धरून खेळायचे कन्सोल घेतलेलेच नाहीत. आणि मग कमेंटमध्ये भांडणं. बऱ्याचदा दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त दोघं वेगळी गोष्ट मोजत असतात. या विषयात नवीन असाल तर नुसता नंबर पाठ करण्यापेक्षा तो नंबर कुठून आला, काय मोजून आला, हे बघायची सवय लावून घ्या, तीच सवय कशी लावायची ते खाली पायरी पायरीने लिहितोय. एक कोरं स्प्रेडशीट उघडून ठेवा, वही पण चालेल.

पायरी १: आधी कच्चे आकडे उतरवून घ्या

कंपन्यांचे आकडे मिलियनमध्ये असतात. १० मिलियन म्हणजे १ कोटी, म्हणजे दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवलं की झालं, १५४.०२ मिलियन म्हणजे १५.४ कोटी. हे सोपं वाटतं पण मराठीत लिहिलेल्या कितीतरी पोस्टमध्ये मिलियनचे थेट कोटी झालेले दिसतात, तेवढं सांभाळा.

सुरुवातीला एवढे पुरेत:

पीएस२ (२०००): १५.५ कोटींच्या वर
निन्टेंडो डीएस (२००४): १५.४ कोटी
निन्टेंडो स्विच (२०१७): सप्टेंबर २०२५ अखेर १५.४ कोटी
गेमबॉय आणि गेमबॉय कलर मिळून (१९८९): ११.८७ कोटी
पीएस४ (२०१३): ११.७ कोटींच्या वर
पहिला प्लेस्टेशन (१९९४): १०.२५ कोटी
निन्टेंडो वी (२००६): १०.१६ कोटी
पीएस३ (२००६): ८.७ कोटींच्या वर
मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० (२००५): ८.४ कोटींच्या वर
गेमबॉय अ‍ॅडव्हान्स (२००१): ८.१५ कोटी
निन्टेंडो ३डीएस (२०११): ७.६ कोटी
एनईएस म्हणजेच फॅमिकॉम (१९८३): ६.१९ कोटी

वर्ष लिहिलंय ते पहिल्यांदा जिथे कुठे बाजारात आला त्याचं आहे, बऱ्याच वेळा ते जपानमधलं असतं आणि अमेरिका-युरोपात कन्सोल नंतर पोचतो, फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ ला आला आणि अमेरिकेत एनईएस या नावाने १९८५ ला. पीएस५ मुद्दाम घेतला नाहीये, तो अजून जोरात विकला जातोय आणि चालू असलेल्या कन्सोलची बंद झालेल्याशी तुलना करायची तर वेगळी पद्धत लागते, ती पायरी ५ मध्ये येईल.

पायरी २: "विकला" म्हणजे नक्की कोणाला विकला हे विचारा

माझ्या मते हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि हीच सगळे गाळतात.

कंपनी जेव्हा म्हणते की आम्ही इतके कन्सोल विकले, तेव्हा बहुतेक वेळा तो आकडा कंपनीतून बाहेर पडलेल्या मालाचा असतो, म्हणजे डीलर आणि दुकानदारांना पाठवलेला माल, त्यातले काही डबे त्या दिवशी अजून गोडाऊनमध्ये पडून असतात. इंग्रजीत याला सेल-इन म्हणतात आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडलेल्या मालाला सेल-थ्रू. निन्टेंडोचे तिमाही आकडे सेल-इन असतात. सोनी मात्र अधूनमधून "ग्राहकांपर्यंत पोचले" असं म्हणून सेल-थ्रूचा आकडा पण जाहीर करते, त्यामुळे एकाच कंपनीचे एकाच महिन्यातले दोन आकडे फिरत असतात आणि दोन्ही खरे असतात.

जुन्या प्लेस्टेशनच्या बाबतीत अजून एक गंमत आहे, सोनी साधारण २००७ पर्यंत प्रॉडक्शन शिपमेंट मोजायची, म्हणजे कारखान्यातून निघालेला माल, आणि मग त्यांनी पद्धत बदलली. पहिल्या प्लेस्टेशनचा १०.२५ कोटी हा आकडा असाच शिपमेंटचा आहे. म्हणून वी १०.१६ आणि प्लेस्टेशन १०.२५ यात कोण पुढे यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही, फरक इतका बारीक आहे की तो मोजण्याच्या पद्धतीतच विरघळून जातो.

बंद पडून वर्षं झालेल्या कन्सोलला हा फरक जवळजवळ लागत नाही, कारण दुकानातला माल शेवटी कधीतरी विकला जातोच. पण चालू कन्सोलला, खास करून अपयशी ठरलेल्या किंवा नव्या आलेल्या कन्सोलला, तो खूप लागतो. तर शीटमध्ये एक कॉलम करा, "काय मोजलंय", आणि प्रत्येक ओळीत शिपमेंट, सेल-थ्रू किंवा अंदाज यातलं एक लिहा. माहीत नसेल तर कॉलम रिकामा ठेवा, पण अंदाजाला पक्का आकडा म्हणून लिहू नका.

आता पीएस२ च्या १५.५ आणि १६ चं कोडं पण इथेच सुटतं. सोनीने बरीच वर्षं १५.५ कोटींच्या वर एवढंच लिहून ठेवलं होतं आणि तो आकडा मार्च २०१२ पर्यंतचा होता, पण पीएस२ चं उत्पादन बंद झालं २०१२ च्या अखेरीस आणि २०१३ च्या सुरुवातीला, म्हणजे शेवटचे काही महिने त्यात धरलेलेच नव्हते. मग २०२४ मध्ये सोनीकडून १६ कोटी हा आकडा आला. दोन्ही लिहा, तारखेसकट.

पायरी ३: एका नावाखाली किती मशीन लपलीत ते बघा

डीएसचं उदाहरण घेऊन नीट बघू. १५.४ कोटी हा एका मशीनचा आकडा नाही. त्यात २००४ चा पहिला जाडजूड डीएस आहे, तो १.८८ कोटी विकला गेला. मग आला डीएस लाइट, पातळ, उजळ स्क्रीनचा, तो एकटा ९.३९ कोटी. आणि मग डीएसआय आणि त्याचा मोठ्या स्क्रीनचा भाऊ मिळून ४.१४ कोटी. म्हणजे डीएस नावाने जे यश आपण ओळखतो त्यातलं ६० टक्के एकट्या लाइटचं आहे. पहिल्या डिझाइनवर निन्टेंडो थांबली असती तर हा कन्सोल या लिस्टमध्ये असता का, मला शंका आहे.

इथे अजून एक प्रश्न येतो की ज्याच्याकडे आधी जाडा डीएस होता त्याने लाइट घेतला तर ते दोन मोजले जातात, माणूस मात्र एकच. हातातल्या कन्सोलमध्ये हे फार होतं. स्विचमध्ये पण साधा, २०१९ चा लाइट आणि २०२१ चा ओलेड असे तीन आहेत, पीएस४ मध्ये स्लिम आणि प्रो धरलेत, पहिल्या प्लेस्टेशनमध्ये २००० साली आलेला छोटा पीएस वन धरलाय.

आणि गेमबॉय बघा. निन्टेंडो गेमबॉय आणि १९९८ चा गेमबॉय कलर एकत्र मोजते, खरंतर कलरसाठी असे गेम आले जे जुन्या गेमबॉयवर चालतच नव्हते, आतला प्रोसेसर पण दुप्पट वेगाने चालायचा. पण गेमबॉय अ‍ॅडव्हान्स मात्र वेगळा मोजते. का, तर कंपनीने तसं ठरवलं म्हणून. कोणी म्हणालं की कलर वेगळा धरायला हवा तर त्याचं म्हणणं चूक नाही, तसं केलं तर गेमबॉय पीएस४ च्या खाली जाईल. मी स्वतः कंपनीचा हिशोब तसाच ठेवतो, कारण एकदा आपण आपल्या मनाने फोडाफोडी सुरू केली की कुठे थांबायचं हे ठरत नाही, मग न्यू ३डीएस पण वेगळा काढावा लागेल, त्याला पण स्वतःचे थोडे गेम होतेच. पण आपण काय नियम धरलाय ते शीटच्या वर एका ओळीत लिहून टाका.

पायरी ४: टीव्हीचा कन्सोल आणि हातातला कन्सोल वेगळ्या रंगात रंगवा

टीव्हीला जोडायचा कन्सोल साधारण घरटी एक असतो. हातातला माणशी एक. दोन भावंडं असली तर दोन डीएस, पण पीएस२ एकच आणि दोन कंट्रोलर. म्हणून पीएस२ चे १५.५ कोटी आणि डीएसचे १५.४ कोटी दिसायला सारखे असले तरी पीएस२ वर खेळलेली माणसं बरीच जास्त असणार, हे माझं मत आहे, याचा मोजून काढलेला आकडा नाही, पण विचार करून बघा, एका पीएस२ समोर किती जण बसून खेळून गेले असतील.

स्विच मधेच अडकतो. टीव्हीला पण लागतो, हातात पण धरता येतो, आणि लाइट तर फक्त हातातच. त्याला तिसरा रंग द्या.

पायरी ५: किती विकला याच्यापुढे किती वेळात विकला ते लिहा

पीएस२ मार्च २००० मध्ये जपानमध्ये आला आणि जवळजवळ १३ वर्षं बनत राहिला, पीएस३ आल्यानंतरही सहा वर्षं. एवढा वेळ मिळाला तर एकूण आकडा फुगणारच. म्हणून दोन कॉलम अजून घाला.

पहिला कॉलम, १० कोटींचा टप्पा गाठायला लागलेला वेळ. हा मला सगळ्यात आवडणारा कॉलम आहे कारण यात जुना-नवा, बंद-चालू सगळे एका रेषेवर येतात. पहिल्या प्लेस्टेशनला साडेनऊ वर्षं लागली. पीएस२ ला ५ वर्षं ९ महिने. पीएस४ ला ५ वर्षं ७ महिने, म्हणजे पीएस२ पेक्षाही किंचित लवकर, हे खूप जणांना माहीतच नसतं. स्विचला पाच वर्षांच्या आत. आणि डीएस नोव्हेंबर २००४ ला आला, मार्च २००९ अखेर १० कोटी पार, म्हणजे साडेचार वर्षं पण नाहीत. वी पण शेवटी १० कोटींच्या पुढे गेला पण त्याला २०१३ उजाडलं, आणि तिथेच तो जवळपास थांबला.

दुसरा कॉलम, सगळ्यात चांगल्या वर्षाचा आकडा. जपानी कंपन्यांचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं हे लक्षात ठेवा, नाहीतर जानेवारी-डिसेंबरच्या आकड्याशी गल्लत होते. डीएसने २००८-०९ या एका वर्षात ३.१२ कोटी विकले. स्विचने २०२०-२१ मध्ये २.८८ कोटी, ते लोक घरात अडकलेले होते तेव्हाचं वर्ष. वीने २००८-०९ मध्येच २.६ कोटी. म्हणजे त्या एका वर्षात निन्टेंडोने डीएस आणि वी मिळून ५.७ कोटी मशीन विकल्या, हा आकडा मला आजही अचाट वाटतो.

आता वीची पुढची वर्षं ओळीने लिहा म्हणजे एकूण आकडा काय लपवतो ते दिसेल: २.६ कोटी, मग २.०५, मग १.५१, मग ९८ लाख, मग ४० लाख. इतक्या वेगाने चढलेला आणि इतक्या वेगाने उतरलेला दुसरा मोठा कन्सोल मला तरी आठवत नाही. आणि शेजारी पीएस३, महागडा म्हणून पहिली दोन-तीन वर्षं रखडला, मग किंमत उतरली, बारीक मॉडेल आलं, आणि हळूहळू चढत एक्सबॉक्स ३६० ला पण मागे टाकून गेला. नुसत्या यादीत हे दोघं एकाखाली एक बसलेत आणि दोघांची गोष्ट पूर्ण उलटी आहे.

चालू असलेल्या पीएस५ ची तुलना करायची तर याच पद्धतीने करा, बाजारात येऊन जितके महिने झालेत तितक्याच महिन्यांचा पीएस४ चा आकडा शोधा आणि शेजारी ठेवा. पूर्ण आयुष्य जगलेल्या कन्सोलच्या एकूण आकड्याशी चालू कन्सोलची तुलना करणं हा अन्याय आहे.

पायरी ६: कितीपैकी किती

परीक्षेत मार्क किती पडले एवढं विचारून भागत नाही, कितीपैकी पडले हे पण विचारावं लागतं. एनईएसचे ६.१९ कोटी आज बघितले तर यादीत खाली कुठेतरी दिसतात, पण १९८३ ला घरात कन्सोल असणं हीच नवी गोष्ट होती, अमेरिकेत तर त्याच वर्षी व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता आणि दुकानदार गेमचं नाव काढू देत नव्हते, त्या परिस्थितीतून हा आकडा आलाय. तेव्हा बाजारच लहान होता.

म्हणून प्रत्येक कन्सोल त्याच्या काळच्या प्रतिस्पर्ध्यांसोबत ठेवून त्याचा वाटा काढा. पीएस२ च्या पिढीत बघा: पीएस२ १५.५ कोटी, पहिला एक्सबॉक्स २.४ कोटी, निन्टेंडोचा गेमक्यूब २.१७ कोटी, सेगाचा ड्रीमकास्ट ९१ लाख. सगळे मिळून २१ कोटी, त्यात पीएस२ चा वाटा जवळपास ७४ टक्के. त्याच्या आधीच्या पिढीत प्लेस्टेशन १०.२५, निन्टेंडो ६४ चे ३.२९ आणि सेगा सॅटर्नचे ९३ लाख, म्हणजे प्लेस्टेशनचा वाटा ७१ टक्के. आणि वीच्या पिढीत वी १०.१६, पीएस३ ८.७, एक्सबॉक्स ३६० ८.४, म्हणजे वी पहिला आला पण वाटा ३७ टक्के.

वी आणि पहिला प्लेस्टेशन यादीत एकमेकांना चिकटून आहेत, आणि एकाने बाजार जवळजवळ एकट्याने खाल्ला होता तर दुसऱ्याने तिघांत वाटून घेतला. उलट बाजूने बघितलं तर वीच्या पिढीत एकूण २७ कोटींच्या वर कन्सोल विकले गेले, पीएस२ च्या पिढीपेक्षा बरेच जास्त, म्हणजे तिथे हरलेला पण खरंतर हरलेला नव्हता. ८.४ कोटी विकून तिसरा येणं आणि ९१ लाख विकून चौथा येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ड्रीमकास्टनंतर सेगाने कन्सोल बनवणंच सोडलं.

पायरी ७: कन्सोल घेऊन लोक खेळले का?

हे बघायला सोपा उपाय म्हणजे विकल्या गेलेल्या गेमच्या संख्येला कन्सोलच्या संख्येने भागायचं. पीएस२ वर १५० कोटींच्या वर गेम विकले गेले, म्हणजे मशीनमागे जवळपास १०. वीचे ९२ कोटी, मशीनमागे ९. स्विचचे १४० कोटींच्या वर, तिथे पण ९ च्या आसपास. एनईएसचे ५० कोटी, म्हणजे ८. डीएसचे जवळपास ९५ कोटी, म्हणजे ६. गेमबॉयचे ५० कोटी, फक्त ४.

पण यातही फसायला जागा आहे. वी सोबत बहुतेक देशांत वी स्पोर्ट्स डब्यातच यायचा, तो ८.२९ कोटी "विकला" गेला असं मोजतात, वीच्या ९ मधला जवळपास एक तिथेच गेला. डीएसला मेमरी कार्डवर फुकट गेम टाकून चालवायची कार्डं सर्रास मिळायची, त्यामुळे लोक खेळले भरपूर पण हिशोबात आलं कमी. आणि वर म्हटलं तसं एकाच माणसाने दोन डीएस घेतले तर गेम तेच राहतात, म्हणून भागाकार खाली येतो. हे धरून चाललात तर डीएसचे ६ वाईट नाहीत.

स्विचबद्दल एक सांगायलाच हवं, मारिओ कार्ट ८ डिलक्स हा एकच गेम साडेसहा कोटींच्या वर विकला गेलाय, म्हणजे साधारण पाचातल्या दोन स्विचमागे तो गेम आहे, आणि तो मुळात आधीच्या वी यू वर आलेला गेम होता. तोच वी यू, जो १.३६ कोटींवर थांबला. गेम चांगला असून पण मशीन चाललं नाही तर काय होतं आणि तोच गेम चालणाऱ्या मशीनवर आला की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

पायरी ८: कारण शोधा, आणि एकाच कारणावर थांबू नका

शीटमध्ये शेवटचा मोठा कॉलम ठेवा, "का विकला". पीएस२ समोर बहुतेक जण डीव्हीडी लिहितात आणि ते बरोबर आहे, २००० साली वेगळा डीव्हीडी प्लेअर घेण्यापेक्षा पीएस२ घेणं बऱ्याच घरांना पटलं. पण पहिल्या प्लेस्टेशनचे गेम त्यावर चालायचे, म्हणजे पहिल्या दिवशीच शेकडो गेमची लायब्ररी तयार, हे पण लिहा. वर्षागणिक किंमत उतरत गेली हे लिहा. आणि गेम बनवणाऱ्यांनी त्याची साथ शेवटपर्यंत सोडली नाही हे लिहा, २०१३ मध्ये पीएस४ बाजारात आला त्या वर्षी फिफा १४ पीएस२ साठी पण निघाला होता.

गेमबॉयचं कारण मला विशेष आवडतं कारण ते कागदावर उलटं दिसतं. स्क्रीन हिरवट, रंग नाहीत, मागून लाइट नाही. समोर सेगाचा गेम गिअर होता, रंगीत, लाइटवाला. पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते काही तासांत संपायचे, गेमबॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा, शिवाय टेट्रिस सोबत. आणि म्हातारा होत आलेला हा कन्सोल १९९६ मध्ये पोकेमॉन आला तेव्हा परत उठला. सात वर्षं जुन्या मशीनसाठी नवा गेम येतो आणि मशीन परत खपायला लागतं. म्हणून आकड्यांचा चढउतार बघताना त्या वर्षी कोणता गेम आला हे नेहमी शेजारी लिहा, अर्धी उत्तरं तिथेच मिळतात.

एक्सबॉक्स ३६० समोर एक टीप टाका. सुरुवातीच्या मशीनमध्ये हार्डवेअर बिघाड खूप होता, बटणाभोवती लाल दिवे लागून मशीन बंद पडायचं, मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये त्यासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली. वॉरंटीतून बदलून मिळालेलं मशीन विक्री नसते, पण वैतागून दुसरं विकत घेतलेलं असते.

पायरी ९: जिथे आकडा नाही तिथे काय करायचं

मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून एक्सबॉक्सची विक्री सांगणं बंद केलं. म्हणजे एक्सबॉक्स वनचा अधिकृत एकूण आकडा नाहीच. मग निदान वरची मर्यादा तरी काढता येते. २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकाकडे दिलेल्या कागदपत्रात मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं की सोनीने त्या पिढीत एक्सबॉक्सच्या दुपटीपेक्षा जास्त कन्सोल विकले. पीएस४ ११.७ कोटी, त्याच्या निम्मे ५.८५, म्हणजे एक्सबॉक्स वन त्याच्या खाली. शीटमध्ये "५.८५ कोटींपेक्षा कमी" असं लिहा, याहून बारीक आकडा कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो अंदाज आहे.

सोनीने पण पुढे पीएसपी आणि व्हिटा हे आपले हातातले कन्सोल एकत्र करून आकडे द्यायला सुरुवात केली, त्यामुळे व्हिटाचा वेगळा हिशोब लागत नाही. अटारी २६०० आणि सेगा मेगा ड्राइव्ह, दोघांसमोर "सुमारे ३ कोटी" लिहा आणि सुमारे हा शब्द पुसू नका.

आणि नकली मशीन. फॅमिकॉमची नक्कल करून बनवलेले कन्सोल जगभर विकले गेले, रशियात तर १९९२ पासून डेंडी नावाने हाच क्लोन इतका चालला की तिथल्या एका पिढीसाठी व्हिडिओ गेम म्हणजे डेंडी. यातलं एकही मशीन निन्टेंडोच्या ६.१९ कोटींत नाही. मारिओ खेळलेल्या लोकांची संख्या त्या आकड्यावरून काढायला गेलात तर फार कमी पडेल.

पायरी १०: तारीख टाका आणि दर तीन महिन्यांनी बघा

निन्टेंडो आणि सोनी दोघी तिमाही निकाल साधारण फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात देतात. निन्टेंडोच्या गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर फॅमिकॉमपासून आजपर्यंतच्या मुख्य मशीनचा एकत्र तक्ता असतो, हार्डवेअर आणि गेम दोन्ही, तो सरळ तिथूनच घ्या, कोणाच्या स्क्रीनशॉटवरून घेऊ नका.

आत्ता बघण्यासारखी जागा वरच्या तीन ओळी आहेत. सप्टेंबर २०२५ अखेर निन्टेंडोच्या तक्त्यात डीएस १५.४०२ कोटी होता आणि स्विच १५.४०१ कोटी, म्हणजे फरक साधारण दहा हजार मशीनचा, आणि स्विच अजून बनतोय, त्यामुळे तुम्ही हे वाचाल तेव्हा निन्टेंडोपुरता पहिला नंबर बदललेला असणार. पीएस२ चं काय होतं ते तुम्ही कोणता आकडा धरता यावर आहे, १५.५ धरलात तर सप्टेंबर २०२५ मध्येच स्विच अगदी हाताशी होता, १६ धरलात तर अजून बराच रस्ता आहे आणि जून २०२५ मध्ये स्विच २ आल्यापासून जुन्या स्विचचा वेग कमी होत चाललाय. मला विचाराल तर १६ च धरा, कारण तो उत्पादन बंद झाल्यानंतरचा आकडा आहे, आणि मग शीटमध्ये स्विचच्या ओळीत दर तिमाहीला एक नवा कॉलम जोडत जा, किती भर पडतेय ते बघा, म्हणजे तो तिथपर्यंत पोचेल की नाही याचा अंदाज तुमचा तुम्हालाच बांधता येईल.